दोन घागरींचा शब्द

मु. तांबूळवाडी, पो. मिरजगाव,
ता. कर्जत, जि. अहमदनगर
दि. ९ ऑक्टोबर १९७२

चिरंजीव गोरक्षनाथ,

मामाचा व मामीचा आशीर्वाद. पत्रास कारण घडले आहे आणि त्याचा संबंध तुझ्या नोकरीच्या जागेशी पोहोचतो. म्हणून क्रमाने लिहितो. मधले गाळून शेवट आधी वाचण्याची तुझी शाळेतली खोड अजून असेल, तर ती या पत्रापुरती आवर.

गेल्या गुरुवारी दुपारी नगरहून सोलापूरकडे जाणारी एक मोटार आपल्या खंडोबाच्या देवळासमोर, सडकेच्या कडेच्या बाभळीखाली, येऊन थांबली. पुढचे झाकण उघडताच वाफेचा लोट उठला. चालकाने पाणी मागितले. आमच्या गावात सध्या पाणी मागणे म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मृगापासून हस्तापर्यंत एकही नक्षत्र धड बरसले नाही. गावविहिरीच्या तळाशी उतरून, खडकाच्या खोबणीत साचलेले पाणी वाटीने घागरीत भरावे लागते.

त्याच वेळी चांगुणा विहिरीवरून परतत होती. तू तिला ओळखत नाहीस. आपल्या शेजारच्या बनुबाईच्या सहादेवाची ही बायको. लग्न तू मुंबईस गेल्यानंतर झाले. तिला पाचवा महिना चालू आहे. डोक्यावर एक व कमरेवर एक अशा दोन घागरी तिने पहाटेपासून बसून भरल्या होत्या. चालकाने हात जोडले. तिने एक घागर उतरवून दिली. मोटारीने ती गिळली आणि वाफ काही थांबेना, तेव्हा दुसरीही दिली. बनुबाई देवळाच्या ओट्यावरून ओरडली, "अगं ये, घरात काय घालशील?" त्यावर चांगुणा म्हणाली, "वाटसरूला न्हाई म्हनू न्हाई आत्याबाई. आन् गाडी बी वाटसरूच की!" मंडळी हसली.

ते हसणे ऐकून मागचे दार उघडले आणि काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ खाली उतरले. सहादेव एकदम म्हणाला, "आरं, हे तर राजं हायती!" कर्जतच्या तंबूत त्याने त्यांचा बोलपट दोनदा पाहिला होता. ते नटवर्य अनिरुद्ध केरीकर होते.

मी पुढे होऊन त्यांना देवळाच्या सावलीत बसविले. रेडिओवर त्यांचे नाट्यप्रवेश मी नेहमी ऐकतो, हे सांगितले. एका भाषणात ते 'माझी मदत केली' असे म्हणतात, तेथे 'मला मदत केली' असे हवे, हेही सांगितले. ते मनापासून हसले. म्हणाले, "गुरुजी, टाळ्या पडतात तिथं व्याकरण कोण बघतं?" मी म्हणालो, "मी पाहतो." त्यांनी माझ्या गुडघ्यास हात लावला. माणूस विनयशील आहे.

मग त्यांनी त्या रिकाम्या घागरी पाहिल्या आणि चांगुणेकडेही पाहिले. त्यांचा चेहरा बदलला. उठून म्हणाले, "बाई, तुमचं दिवसाचं पाणी माझ्या गाडीनं प्यायलं. या गावात जमिनीला भोक पाडून पाणी काढायचं यंत्र आणून देतो. मंत्री माझ्या नाटकाला पहिल्या रांगेत असतात. मी सांगेन आणि ते येईल." तेव्हा कानिफनाथ गुरवाने बेलाचे पान व भंडारा असलेली ताटली त्यांच्यापुढे धरली. केरीकरांनी बेल उचलला, भंडारा उचलला, कपाळास लावला आणि त्यांच्या त्या भरदार आवाजात म्हणाले, "दिला शब्द!"

गोरक्षनाथ, ओट्यावर एकही माणूस हलला नाही. खंडोबासमोर बेलभंडारा उचलून शब्द देणे म्हणजे काय, हे तुला सांगावयास नको. शब्द मोडला तर देव त्याच्या घरादाराकडे पाहतो, अशी येथील लोकांची समजूत आहे.

दिवाळीनंतर कारभारी मुकादमाची टोळी ऊसतोडीस निघेल. तिकडे कालव्यास पाणी आहे. येथे सरकारी खडीकाम आहे, पोटापुरते मिळते. पाणी तेवढे नाही. यंत्र येणार असेल तर लोक थांबतील. सहादेवास विशेष वाटते की, चांगुणेचे बाळंतपण परमुलखात उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत होऊ नये. तिचे पहिले मूल तेथेच गेले.

तू नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीवर बसतोस. केरीकरांचा प्रयोग तेथे असेलच. त्यांना आपल्या गावाची आठवण करून द्यावी, एवढेच काम.

तुझा मामा,
पुंजाराम रखमाजी खेतमाळीस


परळ, मुंबई
दि. २१ ऑक्टोबर १९७२

ती. मामा व मामी यांच्या चरणी नमस्कार.

तुमचं पत्र मी क्रमाने वाचलं, शेवट आधी बघितला नाही. (थोडासा बघितला.)

मामा, खरं सांगू, माझा विश्वासच बसला नाही. अनिरुद्ध केरीकर आपल्या देवळाच्या ओट्यावर? चाळीत सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं. शेजारचे भिमाजी मिस्त्री म्हणाले, "तुझ्या मामांनी त्यांची चूक काढली आणि ते हसले? आमच्या साहेबांची काढली असती तर घरी बसवलं असतं."

आता कामाचं. शनिवारी आमच्याकडे त्यांचा प्रयोग होता. मी कधी रंगपटात जात नाही, तिकिटवाल्याला आत कोण घेतो? पण त्या दिवशी मध्यंतरात बुकिंगचा आकडा सांगायचं निमित्त काढून गेलो. आत ही गर्दी. हार घेऊन आलेले, सह्या मागणारे, एक बाई मुलाच्या नोकरीसाठी रडत होती. साहेब आरशासमोर मुकुट घालून बसले होते. मी लांबूनच म्हणालो, "साहेब, मी तांबूळवाडीचा. ते पाण्याचं यंत्र..." त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो हो, लक्षात आहे. बोलतो मी. होऊन जाईल."

मामा, काय तो आवाज! मी खिडकीवर परत आलो तरी कानात होता. माणूस एवढा मोठा आणि एका शब्दात काम झालं. तुम्ही निर्धास्त असा. बेलभंडाऱ्याचं मी काही बोललो नाही, चार लोकांत ते बरं दिसलं नसतं.

चांगुणावहिनींना नमस्कार सांगा. आपले आशिर्वाद असू द्यावेत.

तुमचा,
गोरक्ष


तांबूळवाडी
दि. १३ नोव्हेंबर १९७२

चि. गोरक्षनाथ,

तुझे पत्र पोहोचले. 'आशीर्वाद' या शब्दात 'शी' दीर्घ आहे. 'तिकिटवाल्याला आत कोण घेतो' हे वाक्य मात्र निर्दोष आहे. पण ते वाचून मला वाईट वाटले.

पत्र मी देवळात मोठ्याने वाचले. 'होऊन जाईल' हे शब्द लोकांनी मला तीन वेळा वाचावयास लावले. कानिफनाथ म्हणाला, "बघा, भंडारा उचललेला मानूस हाय. इसरंल कसा?"

दिवाळी झाली आणि कारभारीची टोळी निघाली. निघण्याच्या सकाळी तो सहादेवाच्या दारात येऊन उभा राहिला. त्यांचे बोलणे मी माझ्या ओसरीवरून ऐकले.

"चल की लेका. कोयता घासून ठिवलाय न्हवं? तितं पाटाला पानी हाय, बायकू डुंबंल म्हशीवानी."

"आवंदा न्हाई यायचो. मिशीन येनाराय."

"कोन आननार?"

"राजं."

"कुठलं राजं?"

"शिनेमातलं."

कारभारी मोठ्याने हसला. "मंग शिनेमातलंच पानी पी!" असे म्हणून तो निघाला, तेव्हा सहादेव धावत माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "गुरुजी, तुमी मला शिकिवलंय. तुमीच सांगा. जाऊ का ऱ्हाऊ?"

मी विचार केला. माझ्यासमोर एका प्रतिष्ठित गृहस्थाने दिलेला शब्द होता, देवासमोरील भंडारा होता आणि तुझे पत्र होते. मी म्हणालो, "राहा."

तो राहिला. त्याच्यामागे त्या दिवशी ओट्यावर असलेली सगळी घरे राहिली. बाकीचे गाव गेले. आता संध्याकाळी चुलींचा धूर मोजका दिसतो.

कोणीतरी ठरवून टाकले आहे की, यंत्र चंपाषष्ठीस येईल. मी तसे म्हटलेले नाही. लोकांनी देवळापुढची जागा झाडून घेतली आहे आणि कोणी तेथे गुरे बांधू देत नाही. यंत्राचा दिवस निश्चित कळल्यास मला तत्काळ कळवावे.

मामीस गुडघेदुखी आहे, बाकी क्षेम.

पुंजाराम


परळ, मुंबई
दि. ८ डिसेंबर १९७२

ती. मामांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचो आणि उठायचो.

साहेब दौऱ्यावर होते, नागपूर, अमरावती, तिकडे. परवा प्रयोग होता तेव्हा मी मुद्दाम शेवटपर्यंत थांबलो. गर्दी गेली, ते रंग पुसत बसले होते, खोलीत कपडेपटाचा एक माणूस फक्त. मी म्हणालो, "साहेब, तांबूळवाडीच्या यंत्राचं काय झालं?"

ते म्हणाले, "कुठली वाडी?"

मी सगळं सांगितलं. गाडी तापली, दोन घागरी, चांगुणावहिनी. त्यांचा चेहरा खुलला. "हां हां! ते गुरुजी! माझं व्याकरण काढलं त्यांनी. फार गोड माणसं. ती बाई काय म्हणाली माहीत आहे? गाडीसुद्धा वाटसरूच! मी किती जणांना सांगितलं ते." पण यंत्राचं त्यांना आठवेना. म्हणाले, "मी म्हणालो असेन. त्या क्षणाला मला तसंच वाटलं असणार."

मी म्हणालो, "मंत्र्यांना तुम्ही सांगणार होतात."

मामा, त्यांनी रंगाचा बोळा खाली ठेवला आणि म्हणाले, "अहो, मंत्री येतात, हार घालतात, फोटो निघतो. त्यांना माझं नाव माहीत आहे, मला त्यांचं. त्यापलीकडे आमची काय ओळख? मी दादरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर पाणी चढत नाही. सकाळी मीच खाली जाऊन बादल्या आणतो, टोपी घालून, म्हणजे कुणी ओळखू नये. घरमालकाला किती वेळा सांगितलं. तो म्हणतो, केरीकरसाहेब, तुमचा आवाज काय सुंदर आहे."

मला हसावं की रडावं कळेना. खोटं नाही सांगत, त्यांच्या हातावर बादलीच्या कडीचे घट्टे आहेत. मी बघितले.

गेल्या वेळी ते 'हो हो' म्हणाले होते, पण आरशातून त्यांनी बघितलं तो मी नव्हतोच बहुतेक. त्यांच्यासमोर दिवसाला वीस माणसं उभी राहतात, ते सगळ्यांना 'हो हो' म्हणतात. मी ते आपल्या कामाचं समजलो आणि तसं तुम्हाला कळवलं.

आता काय करू ते सांगा. कारभारीच्या टोळीत अजून माणसं लागतात का, याची चौकशी होईल का?

गोरक्ष


तांबूळवाडी
दि. २० डिसेंबर १९७२

चि. गोरक्षनाथ,

तुझे पत्र चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी मिळाले. आदल्या दिवशी लोक सकाळपासून सडकेकडे तोंड करून बसले होते. एक मालमोटार आली. ती कडब्याची निघाली. चांगुणेने यंत्राच्या पूजेसाठी हळदकुंकू काढून ठेवले होते. संध्याकाळी ते तिने देवासच वाहिले.

हे पत्र मी कोणासही वाचून दाखविलेले नाही. "काय म्हनतोय भाचा?" असे बनुबाईने विचारले, तेव्हा "प्रकृती बरी आहे" असे उत्तर दिले. चाळीस वर्षे शिक्षकी केली. प्रश्नास सोडून उत्तर देणाऱ्या मुलास मी उभे करीत असे.

मधल्या काळात मी स्वस्थ बसलो नाही. यंत्रासाठी जिल्हा कचेरीस एक अर्ज लिहिला; त्याची नक्कल सोबत जोडली आहे. तो अर्ज मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एक अनुस्वार कमी किंवा अधिक नाही. त्यास उत्तर आले. उत्तर असे की, विषय मुंबईच्या कचेरीत विचाराधीन असून योग्य वेळी योग्य ती कारवाई करण्यात येईल. त्या चार ओळींत पाच अशुद्धे होती. मी ती लाल शाईने दुरुस्त केली. याखेरीज मला काय करता आले असते, ते मला सुचले नाही.

विहिरीतील ती खोबणही आता दिवसाआड भरते. चांगुणेस सातवा सरत आला आहे आणि तिला दोर धरून खाली उतरता येत नाही. सहादेव खडीवर जाण्यापूर्वी उतरतो. मामी आमच्या वाट्यातले एक तांब्याभर तिला देते व मला सांगत नाही. मलाही ते माहीत असल्याचे मी सांगत नाही.

कारभारीकडे मी निरोप धाडला होता. 'आत्ता आलं व्हय डोकं ठिकानावर?' असे त्याचे उलट उत्तर आले. पण माणूस वाईट नाही. काही जोड्यांची जागा बघतो म्हणाला.

तुला एकच सांगावयाचे आहे. केरीकरांनी नुसता शब्द दिला नव्हता. त्यांनी बेलभंडारा उचलला होता. ही गोष्ट तू त्यांच्या कानावर घातलेली दिसत नाहीस. ती घाल. मंत्री त्यांच्या ओळखीचे असोत वा नसोत, भंडारा उचललेला माणूस प्रयत्न केल्यावाचून राहू शकत नाही. माझा अजून भरवसा आहे.

पुंजाराम


परळ, मुंबई
दि. ६ जानेवारी १९७३

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. सगळं लिहितो, क्रमाने.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते जिन्यातच भेटले, डोक्याला टोपी, हातात दोन बादल्या. मी एक घेतली. वर गेल्यावर मी भंडाऱ्याचं सांगितलं. त्यांना आधी समजेना. म्हणाले, "ती पिवळी पूड? मला वाटलं प्रसाद! देवळात पुढं केलं, मी घेतलं." मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडे ती शपथ असते." त्यांच्या हातातला पेला खाली ठेवला गेला. त्यांचं मूळ गाव गोव्यात. म्हणाले, "आमच्याकडं आपण देवापुढं उभं राहतो आणि कौल देव देतो, गोरक्षनाथ. तुमच्याकडं माणूस देतो हे मला कोण सांगणार?" त्यांच्या बायको आतून आल्या आणि विचारलं, "मोडली तर काय होतं?" मी म्हणालो, काही नाही, लोक काहीही म्हणतात. पण त्यांच्या मुलीला बरं नाही, टायफॉईड आहे, आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मला घेऊन सरकारच्या पाणीखात्याच्या कचेरीत गेले. मामा, तुम्ही बघायला हवं होतं. दारातल्या शिपायाने सलाम ठोकला. आत गेलो तर सगळं खातं उभं राहिलं. चहा आला, बिस्किटं आली, मुलींनी सह्या घेतल्या. मला वाटलं, आता काम झालंच. साहेबांनी तुमच्या अर्जाची गोष्ट काढली की कोणीतरी म्हणायचं, "ते बघू हो साहेब, आधी तो दरबारातला प्रवेश होऊन जाऊ द्या!" तीनदा असं झालं. शेवटी ते उठले आणि टेबलांच्या मधे उभं राहून तो प्रवेश म्हटला. सगळा. मी तो खिडकीतून शंभर वेळा ऐकलाय, पण असा कधी ऐकला नाही. टाळ्या थांबेनात. एका म्हाताऱ्या हेडक्लार्कच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग साहेबांनी अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि खरंच मनापासून म्हणाले, "साहेब, गावांची यादी जिल्ह्यावरून येते. आमच्या हातात काही नाही. जिल्ह्याला विचारा." मी म्हणालो, जिल्ह्याने मुंबईकडे बोट दाखवलंय. ते म्हणाले, "दाखवणारच." आणि अर्ज वजनाखाली ठेवला. तिथे आधीचे पुष्कळ होते.

बाहेर पायऱ्यांवर साहेब बसले. म्हणाले, "नाटकात मी हुकूम सोडला की आतला माणूस पत्रा हलवतो आणि आभाळ गडगडतं. इथं आत कोण बसलाय, तेच कळलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मी गावात येतो. त्या बाईची माफी मागतो."

मी बोलून गेलो, "येऊन काय करणार साहेब? गाडीला परत पाणी लागेल."

असं बोलायला नको होतं. त्यांनी मला टॅक्सीने परळपर्यंत सोडलं.

मामा, माझ्याच्याने आणखी काही होईल असं वाटत नाही. आशीर्वाद द्या. (शी दीर्घ.)

गोरक्ष


तांबूळवाडी
दि. १८ जानेवारी १९७३

चि. गोरक्षनाथ,

तुझे पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी आले. तुझ्या पत्रात काही चुका आहेत. त्या असू देत.

या वेळी मी पत्र लपविले नाही. देवळात सर्वांना बसविले आणि पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत वाचले. मागचे पत्रही वाचले. मला अपेक्षा होती की, लोक रागावतील. खरे तर मी रागावून घेण्याच्या तयारीनेच गेलो होतो. सहादेवाने एकदा तरी म्हणावे, 'गुरुजी, तुमीच ऱ्हा म्हनाला हुता', असे मला वाटत होते. तो मात्र पायाच्या अंगठ्याने माती उकरीत बसला.

बादल्यांचे ऐकून बनुबाई म्हणाली, "आगं बया, राजाला बी पानी न्हाई!" तिच्या बोलण्यावर दोघे-तिघे हसले आणि मग कोणी हसले नाही.

शेवटी कानिफनाथ म्हणाला, "गुरुजी, त्या मानसाची पोरगी आजारी हाय म्हनताय."

मी म्हणालो, "त्याचा याच्याशी संबंध नाही. विषमज्वर हा दूषित पाण्याने होतो."

"तुमचं शास्त्र खरं आसंल. पर त्येनं भंडारा उचललाय न्हवं? न कळता उचलला, तरी उचललाच की. आता शबुद पुरा न्हाई झाला, तर देव काय त्येला ईचारायला जानार हाय, तुला कळत हुतं का म्हनून?"

त्यापुढचे सगळे बोलणे त्या माणसाविषयीच झाले. आपल्या घरी पाणी नाही, हे जणू सर्वजण विसरले. भंडारा उतरवावा कसा, याचा खल चालला. कानिफनाथाने सांगितले की, ज्यास शब्द दिला त्यानेच देवापुढे तो सोडावा लागतो. दुसऱ्या कोणाचे चालत नाही. मी म्हणालो की, शब्द गावास दिला होता. तो म्हणाला, "न्हाई. 'बाई' म्हनून दिला. चांगुणीला दिला. पानी तिचं हुतं."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. गोरक्षनाथ, मी तुला खरे सांगतो, त्या वेळी तिने 'नाही सोडत' म्हणावे, असे मला आतून वाटले. तो शब्द गेला की आमच्याजवळ काहीच उरणार नव्हते.

सोडण्यापूर्वी देवास पाणी घालावे लागते. कानिफनाथ संकोचून म्हणाला, "चूळभर आसलं तरी चालंल." तेव्हा प्रत्येक घरातून कोणी पेलाभर, कोणी पळीभर आणले. तुझ्या मामीने आणलेला तांब्या माझ्या ओळखीचा होता. चांगुणेस आता आठवा आहे; तिला वाकता येत नाही. बनुबाईने तिचा दंड धरला. तिने देवावर पाणी घातले, बेल व भंडारा ताटलीतून उचलून परत देवाच्या पायांशी ठेवला आणि म्हणाली, "देवा, त्येंच्याकडं माजं काय मागनं न्हाई. त्येंची लेक बरी कर." मग जरा थांबून म्हणाली, "माजं बी बघ."

खाली वाहिलेले पाणी लोकांनी बोटांनी डोळ्यांस लावले. मीही लावले.

किंक्रांत टाळून त्यांनी प्रवासाचा दिवस धरला. सगळीच घरे निघाली. कारभारीने काल सकाळी मालमोटार पाठविली. ती आत येऊ शकत नाही, म्हणून सडकेवर, त्याच बाभळीखाली उभी राहिली. सहादेवाने बिऱ्हाड चढविले. चांगुणेस वर घेण्यास तिघे लागले. मोटार जाते तो रस्ता खड्ड्यांचा आहे आणि प्रवास दिवसभराचा आहे. मी चालकास हळू नेण्यास सांगितले. तो म्हणाला, "बरं, म्हातारबा." मला गुरुजी न म्हणणारा तो पहिलाच मनुष्य. मी त्याला काही सांगितले नाही.

मी सहादेवाजवळ गेलो. काय बोलावे ते मी रात्रीच ठरविले होते, वाक्येही जुळविली होती. त्यांतील एकही बोलता आले नाही. त्यानेच माझ्या पायांस हात लावला आणि म्हणाला, "गुरुजी, घराकडं ध्यान ठिवा."

आता गावात आम्ही दोघे, कानिफनाथ आणि चालवत नसलेली चार-पाच म्हातारी माणसे उरलो आहोत. विहिरीतील पाणी आम्हाला पुरते.

मालमोटार सुरू झाल्यावर चांगुणेने फळीवरून वाकून मला हाक मारली. तुझ्याकडून केरीकरांना एक निरोप द्यावा म्हणाली. तो निरोप मी तिने उच्चारला तसाच लिहीत आहे. त्यात मी एका अक्षराचाही फेरफार केलेला नाही. तूही करू नयेस.

"सायबास्नी म्हनावं, तुमी मोकळं झाला. पर गाडीत पानी बघून निघत जावा."

पुंजाराम